गुडघा किती वेळ दुखतो? आजचा 'रॉ', एका जुन्या चाहतीच्या नजरेतून

अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीत, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईत, 1994 च्या जानेवारीतल्या रॉयल रंबल या कार्यक्रमामध्ये ओवेन हार्टने सख्ख्या भावाच्या दुखऱ्या गुडघ्यावर लाथ घातली, तेव्हा मी बारा वर्षांची होते. ब्रेट आणि ओवेन, दोघे भाऊ क्विबेकर्स नावाच्या जोडीविरुद्ध टॅग टीमच्या, म्हणजे जोड्यांच्या विजेतेपदाच्या, पट्ट्यांसाठी लढत होते. ब्रेटचा गुडघा निकामी झाला, त्याला उभं राहता येईना, रेफरीने सामना थांबवला. ओवेन रागात होता, तरी मला वाटलं की आता हा भावाला हात देईल. त्याने धडपडत उभ्या राहिलेल्या ब्रेटचा तोच पाय खालून उडवला. मी टीव्हीसमोर रडले होते. त्याच रात्री ब्रेट लंगडत रंबलच्या मुख्य झुंजीत, जिथे एकामागून एक तीस पैलवान येतात, उतरला आणि लेक्स लुगरबरोबर संयुक्त विजेता ठरला. पुढे 20 मार्चला रेसलमेनिया 10 या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमामध्ये पहिल्याच सामन्यात भाऊ भावासमोर उभा राहिला आणि ओवेनने त्याला चीत केलं. त्याच रात्रीच्या शेवटी ब्रेट योकोझुनाला हरवून चॅम्पियन झाला, तरी पाय टाकताना तो जपूनच टाकत होता.

दोन महिने एक गुडघा दुखत होता आणि त्यावर अख्खी गोष्ट उभी होती. दादाकडे त्याची कॅसेट होती. ती इतक्या वेळा लावली की शेवटी चित्रावर पांढऱ्या रेघा यायला लागल्या.

पुढे गुडघे हेच माझं काम झालं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर माणसं कशी चालतात, कुठला पाय चोरतात, खांदा कुठे अडतो, हे बघत असते. ते डोळे घरी आल्यावर बंद होत नाहीत, कुस्ती बघतानाही तेच काम करतात. त्यामुळे हा आढावा थोडा एकांगी वाटेल. मला उड्या कमी दिसतात, उडीनंतर माणूस कसा उठतो ते जास्त दिसतं.

'रॉ', म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईचा दर सोमवारचा कार्यक्रम, नेटफ्लिक्सवर आला तो 6 जानेवारी 2025 ला. तेव्हापासून मी तो माझ्या चौदा वर्षांच्या भाच्याबरोबर नियमाने बघते. मधली बरीच वर्षं माझं बघणं तुटक होतं, रेसलमेनिया आणि रंबल एवढंच. आता दर आठवड्याचा कार्यक्रम बघितल्यावर माझं मत पक्कं झालंय: आजचे पैलवान माझ्या काळातल्या बहुतेकांपेक्षा अंगाने जास्त तयार, जास्त चपळ आणि जास्त शिकलेले आहेत, पण आजच्या सरासरी सामन्यात दुखणं टिकत नाही. आणि दुखणं टिकलं नाही तर ही कुस्ती माझ्यापुरती संपते.

नेमकं सांगते. सामन्याच्या पहिल्या पाच मिनिटांत एकजण दुसऱ्याच्या गुडघ्यामागे लागतो. पाय दोरात अडकवतो, खांबावर आपटतो, पकड घालतो. समोरचा किंचाळतो, पाय धरून लोळतो. मी पुढे सरकून बसते. आणि दोनच मिनिटांनी तोच माणूस त्याच पायावर जोर देऊन तिसऱ्या दोरीवर चढतो, उलटी उडी मारतो आणि दोन्ही पायांवर उतरतो. मग आठवल्यासारखं करून क्षणभर गुडघ्याला हात लावतो. ज्या माणसाचा लिगामेंट खरंच ताणलेला असतो त्याला जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं हो. हा खेळ ठरवून होतो हे मला बाराव्या वर्षीही कळत होतं, माझी तक्रार त्याबद्दल नाहीच. तक्रार एवढीच की ठरवलेलं शेवटपर्यंत पाळा.

चाहत्यांच्या भाषेत याला सेलिंग म्हणतात. मार बसला असं नुसतं दाखवून भागत नाही, तो मार पुढच्या वीस मिनिटांत अंगावर वागवायचा असतो. जुन्या लोकांना हे जमायचं त्याचं एक साधं कारण होतं. त्यांच्याकडे डाव कमी होते, त्यामुळे प्रत्येक डावाला किंमत होती. जेक रॉबर्ट्सचा डीडीटी, म्हणजे समोरच्याचं डोकं काखेत धरून खाली आपटायचा डाव, बसला की सामना संपला. आज डीडीटी हा सामन्याच्या मधला एक डाव आहे, त्यातून दोनच्या मोजणीला माणूस उठतो. सुपरकिकचंही, म्हणजे हनुवटीवर बसणाऱ्या उंच लाथेचंही, तेच झालं. शॉन मायकल्स कोपऱ्यात उभा राहून पाय आपटायला लागला की अख्खं स्टेडियम श्वास रोखायचं, कारण त्या एका लाथेने सामने संपलेले लोकांनी पाहिले होते. आता एका सामन्यात चार-चार सुपरकिक बसतात आणि पाचवी बसली तरी कुणाला वाटत नाही की खेळ आटोपला.

आणखी एक कारण कार्यक्रमाच्या लांबीत आहे. 1993 मध्ये 'रॉ' सुरू झाला तेव्हा तो एक तासाचा होता. त्यात बरेचदा मोठा पैलवान कुणा अनोळखी माणसाला तीन मिनिटांत चीत करायचा. तेव्हा तो भाग कंटाळवाणा वाटायचा. आज कळतं की त्यातूनच त्या पैलवानाचा शेवटचा डाव मनात ठसायचा आणि दोन मोठे पैलवान समोरासमोर आले की ती घटना वाटायची. 2012 च्या जुलैपासून 'रॉ' तीन तासांचा झाला. एवढा वेळ भरायचा तर मोठ्या नावांना एकमेकांशी पुन्हापुन्हा लढवावं लागतं. एकाच महिन्यात तेच दोघं तिसऱ्यांदा भिडले की त्यांच्यातलं वैर उरत नाही, वेळापत्रक उरतं. नेटफ्लिक्सवर आल्यावर लांबी थोडी सैल झाली आहे, काही भाग आटोपशीर असतात. माझ्या मते तो या बदलाचा सगळ्यात मोठा फायदा आहे.

आणि मोबाइल. सामन्याचं वीस सेकंदांचं तुकडं फिरतं ते उडीचं, लंगडण्याचं फिरत नाही. पोरांना कशाची दाद मिळते ते पोरं शिकतात, त्यांचा काय दोष?

भाच्याला हे पटवायला मी त्याला रेसलमेनिया 13 मधला ब्रेट हार्ट आणि स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिनचा सामना दाखवला. 23 मार्च 1997, केन शॅमरॉक रेफरी, हार मान्य करेपर्यंत लढायचं. ब्रेट ऑस्टिनच्या पायामागे लागतो, खांबाभोवती त्याचे पाय अडकवून मागे झोकून देतो, खुर्ची आणतो. ऑस्टिनच्या दोन्ही गुडघ्यांना आधाराचे पट्टे होतेच, त्यामुळे बघणाऱ्याला आधीच ठाऊक की हे गुडघे कमकुवत आहेत. आणि ऑस्टिन त्या क्षणापासून शेवटपर्यंत ते विसरत नाही. ठोसा मारतानाही तो पूर्ण वजन टाकत नाही, दोराचा आधार घेतो, वळताना अर्धं पाऊल जास्त घेतो. हे अर्धं पाऊल कुणी शिकवून येत नाही. शेवटी ब्रेट शार्पशूटर ही पाय अडकवून पाठ वाकवणारी पकड लावतो, ऑस्टिनच्या कपाळावरचं रक्त ओघळून दातांपर्यंत येतं, तो दोन्ही हातांवर उठायचा प्रयत्न करतो, पकड क्षणभर सैल होते, पुन्हा आवळते. तो हार मानत नाही. शुद्ध हरपते. सामन्याला येताना खलनायक असलेला माणूस बाहेर जाताना नायक होऊन जातो आणि ब्रेटचं नेमकं उलटं होतं.

भाचा म्हणाला, "मावशी, सुरुवात हळू आहे गं." मग थोडा थांबून म्हणाला, "पण तो खरंच दमलाय." मला तेवढं पुरलं.

त्याने मग मला त्याच्या बाजूचं दाखवलं, आणि इथे मला माझं मत बदलावं लागलं. जपानमधला केनी ओमेगा आणि काझुचिका ओकाडा यांचा 11 जून 2017 चा सामना, ओसाकात, साठ मिनिटं, बरोबरीत सुटलेला. मी आधी ऐकलं होतं की यांच्या सामन्यांना समीक्षक पाचपैकी सहा तारे देतात, आणि मनात अढी धरूनच बसले होते. डाव अफाट आहेत, मोजता येत नाहीत. पण शेवटाकडे एक क्षण येतो. ओकाडा रेनमेकर नावाचा आपला हाताचा फटका मारायला हात फिरवतो, ओमेगाला चुकवायचं त्राण नसतं, आणि तो उभ्या जागी कोसळतो. कोसळला म्हणून वाचतो. पन्नासेक मिनिटांचा थकवा एका पडण्यात मावला होता. मी ते तीनदा मागे घेऊन पाहिलं. ओमेगाचा वन विंग्ड एंजल नावाचा शेवटचा डावही त्याने असाच जपलाय. तो पूर्ण बसला की जवळजवळ कुणीच उठत नाही. म्हणजे नव्या लोकांना हे कळत नाही असं म्हणणं खोटं आहे. कळतं, जमतंही. दर आठवड्याला मिळत नाही, एवढंच.

आता जुन्या काळाच्या चाहत्यांशी माझं जे भांडण आहे ते.

रेसलमेनिया 10 चा सामना संपल्यावर भाच्याने विचारलं, "हा ओवेन आता काय करतो?" मला सांगावं लागलं. 23 मे 1999, कॅन्सस सिटी. छतावरून दोराने खाली उतरायचं नाट्यमय आगमन होतं. अडकवण सुटली आणि ओवेन खाली रिंगमध्ये कोसळला. चौतीस वर्षांचा होता. कार्यक्रम त्यानंतरही पुढे चालू राहिला. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मीही बोलले नाही.

ज्या काळाला सोनेरी म्हणतात, त्या ॲटिट्यूड एराची, म्हणजे नव्वदीच्या शेवटच्या वर्षांची, किंमत अशी होती. 1997 च्या समरस्लॅममध्ये डोकं खाली धरून आपटायच्या एका चुकलेल्या पाइलड्रायव्हरने ऑस्टिनच्या मानेला इजा झाली, आणि 2003 मध्ये त्याला थांबावं लागलं. 1998 च्या किंग ऑफ द रिंगमध्ये अंडरटेकरने मिक फोलीला पिंजऱ्याच्या छतावरून, सोळा फुटांवरून, टेबलावर फेकलं. मग तो पुन्हा वर चढला आणि छताची जाळी तुटून आत रिंगमध्ये पडला. पुढच्या जानेवारीत त्याच फोलीच्या हातांत बेड्या असताना डोक्यावर एकामागून एक खुर्च्या बसल्या, आणि त्याची बायको-मुलं पहिल्या रांगेत होती. माणूस पडताना स्वतःला कसा वाचवतो? हनुवटी छातीला टेकवतो, हात पसरून आपटतो, म्हणजे आघात पाठीच्या वरच्या भागावर सगळीकडे विभागला जातो. त्यासाठी हात मोकळे लागतात. डोक्याला तर तसा कुठलाच उपाय नसतो, मेंदू कवटीच्या आत हलतो तो हलतोच. तरुणपणी मी ते सामने ओरडून ओरडून पाहिलेत. आज तो खुर्च्यांचा सामना मी लावत नाही.

2010 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने डोक्यावर खुर्ची मारणं बंद केलं. मेंदूला मार बसल्याची शंका आली तर डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय आता पैलवान रिंगमध्ये उतरत नाही. डॅनियल ब्रायनला 2016 मध्ये याच कारणाने निवृत्त व्हावं लागलं आणि तपासण्यांनंतर 2018 मध्ये तो परतला. एज नावाचा पैलवान मानेच्या दुखण्याने 2011 मध्ये निवृत्त झाला होता, 2020 च्या रंबलमध्ये परत आला तेव्हा प्रेक्षकांचा आवाज अंगावर आला होता. हा बदल आजच्या कार्यक्रमाची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. पूर्वीची कुस्ती जास्त खरी वाटायची कारण तिच्यातला बराच भाग खरंच माणसं मोडत होता, आणि जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी हे उघड बोलायला हवं.

म्हणूनच 5 जून 2022 ची हेल इन अ सेल, म्हणजे बंद पिंजऱ्यातली लढत, मला पूर्ण पचलेली नाही. कोडी ऱ्होड्सने जाकीट काढलं आणि उजवी छाती, काखेपासून दंडापर्यंत, काळीनिळी. छातीचा मोठा स्नायू हाडापासून सुटला होता. रक्त साकळून खाली दंडात उतरलं होतं, त्यावरूनच किती मोठं फाटलंय ते दिसत होतं. प्रेक्षकांतून एकच चीत्कार उठला. सेथ रोलिन्सने नेमकं तिथेच मारलं, आणि चोवीसेक मिनिटं त्या सामन्यात एकही क्षण खोटा वाटला नाही, कारण तो खोटा नव्हताच. दुखणं टिकावं असं मी म्हणते ते मला इथे मिळालं. पण असं नको होतं. माझ्याकडे तसा खांदा आला असता तर मी त्याला कप उचलू दिला नसता. कोडीच्या हिमतीला मान आहे. त्या रात्रीच्या सामन्याला तारे द्यायला मात्र माझा हात वळत नाही.

खोटं दुखणं खऱ्यासारखं वाटायला लावणं, कला ती आहे. आणि नव्या काळात ती सगळ्यात सुंदर मी पाहिली ती बायकांच्या सामन्यात. 22 ऑगस्ट 2015, ब्रुकलिन, डब्ल्यूडब्ल्यूईच्या नवख्या पैलवानांच्या एनएक्सटीचा टेकओव्हर हा कार्यक्रम, साशा बँक्स आणि बेली. बेलीचा हात मोडला होता अशी गोष्ट आधीपासून चालू होती, ती हाताला आधाराचा पट्टा लावून आली. साशाने तो पट्टा काढून टाकला आणि हातावर लाथा घातल्या. नंतर पकडीत सापडलेली बेली दोराकडे सरकते, बोटं दोरीच्या अगदी जवळ, आणि साशा पकड न सोडता पायाने तेच दुखरं बोटांचं टोक चिरडते. हात उघडण्याआधी बेलीची बोटं ज्या पद्धतीने आत वळतात, ते मी रोज टेबलावर बघते. मी घरात एकटी होते आणि मोठ्याने "नको" म्हणाले.

ज्यांनी फक्त 1999 चा 'रॉ' पाहिला आहे त्यांना याचं मोल कळायला हवं. तेव्हा बायकांना दोन-तीन मिनिटं मिळायची, त्यातही कपडे फाडायचे प्रकार. घरात मोठी माणसं आली की मी चॅनेल बदलायचे, आणि मला माझ्याच आवडीची लाज वाटायची. 2015 च्या सुरुवातीलाही 'रॉ'वर बायकांचा एक सामना अर्ध्या मिनिटात गुंडाळला होता. तिथून चारच वर्षांत, 7 एप्रिल 2019 ला, बेकी लिंच, शार्लट फ्लेअर आणि राँडा राउझी यांनी रेसलमेनियाचा शेवटचा सामना केला. बारा वर्षांच्या मला हे दाखवता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

गोष्ट सांगण्यातही आजचे लोक मागे नाहीत. रोमन रेन्सचं चॅम्पियनपदाचं राज्य 1,316 दिवस चाललं, त्यातला मधला काही काळ ओढूनताणून होता. पण 28 जानेवारी 2023 च्या रंबलचा शेवट बघा. केव्हिन ओवेन्स दोरांना बेड्यांनी जखडलेला, रोमन आपल्या टोळीत आलेल्या सॅमी झेनच्या हातात खुर्ची देतो आणि जुन्या मित्राला मारायला सांगतो. सॅमी खुर्ची घेऊन उभा राहतो, बघतो, आणि रोमनच्या पाठीत घालतो. लगेच त्याची तोंडावरची भीती! मग रोमनच्याच घरातला जे उसो. त्याला सॅमीला मारवत नाही आणि घरच्यांच्या विरुद्धही जाववत नाही, तो तसाच रिंगमधून निघून जातो. इथे एकही उडी नाही. पुढे महिनोन्‌महिने ती जखम या सगळ्यांच्या अंगावर होती. ब्रेट-ओवेनच्या तोडीचं काही पुन्हा होणार नाही असं मला वाटायचं. ते झालं.

बारीकसारीक तक्रारी आहेत. रिंगच्या मधोमध जाहिरातीचा मोठा शिक्का असतो, आणि माणूस चेहरा खाली करून पडला की माझी नजर आधी त्यावरच्या नावावर जाते. रेसलमेनिया 2020 पासून दोन रात्रींचा झालाय, तो मला मानवतो. कॅमेऱ्याबद्दल मात्र चांगलं लिहायचं आहे. मधल्या दशकात प्रत्येक फटक्याला चित्र कापायचे आणि कॅमेरा हलवायचे, डोकं दुखायचं आणि पैलवानाचं पडणं नीट दिसायचंच नाही. गेल्या काही काळात चित्र पुष्कळ स्थिर झालंय, लांबून आणि जास्त वेळ दाखवतात.

बरीच वर्षं बघणं सुटलं असेल तर सोमवारच्या अख्ख्या कार्यक्रमापासून सुरुवात करू नका. वर सांगितलेली साशा-बेली, मग 2023 च्या रंबलची शेवटची पंधरा मिनिटं, मग सप्टेंबर 2022 मधला कार्डिफचा गुंथर आणि शेमसचा सामना, ज्यात दोघांच्या छात्या चापट्यांनी लाल होतात आणि डाव जेमतेम दहा-बारा असतील. मग 'रॉ' लावा, आणि नको तो भाग निवांत पुढे ढकला. आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो, निम्म्या वेळात होतं.

भाच्याने आता एक नवीन सवय लावून घेतली आहे. कुणाच्या पायावर मार बसला की तो घड्याळ बघतो आणि तो माणूस पाय विसरेपर्यंत मोजतो. बहुतेकदा चाळीस-पन्नास सेकंद होतात आणि तो निराश होऊन माझ्याकडे बघतो. मध्यंतरी एका नवख्या पोराने सुरुवातीलाच डाव्या गुडघ्यावर मार घेतला. पुढे उडी मारायची वेळ आली तेव्हा तो दोरीपर्यंत गेला, पाय वर ठेवून पाहिला आणि मागे फिरला. हरला. कॅमेरा जिंकणाऱ्याकडे वळला, संगीत सुरू झालं, आणि चित्राच्या अगदी कडेला, उताराच्या टोकाशी, तो पोरगा कठड्याला धरून उतरत होता. चांगला पाय वर, दुखरा आधी खाली. बरोबर तसाच, जसा उतरायला मी रोज शिकवते.